बेथेल ते चंदनझिरा : जालन्याच्या मंडळीची साथीतली वाटचाल

स्मरणिका समितीने मला दिलेला विषय एवढाच होता : कोरोनाच्या दोन वर्षांत मंडळीने काय केले ते लिहा. पण जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीची गोष्ट 2020 पासून सांगायला घेतली, तर तिच्यातले निम्मे कळायचे नाही. गावाने दूर लोटलेली माणसे एकत्र ठेवायची, त्यांच्या पोटाची आणि पोरांच्या शाळेची सोय लावायची, या खटपटीतूनच ही मंडळी उभी राहिली. दुष्काळ, साथ आणि स्थलांतर तर तिच्या पाचवीलाच पुजलेले. तेव्हा थोडे मागून येतो.

1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलाला वडिलांच्या हवाली केले, आणि त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून मुंबई-पुण्यात मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. मराठी वाचकाला ठाऊक असतो तो हा श्रीपत. थोरल्या नारायणाचे पुढे काय झाले, हे मात्र जालन्याबाहेर फारसे कोणी सांगत नाही.

त्याच 1843 साली स्कॉटलंडमध्ये तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चबरोबर गेले, म्हणून शेषाद्रीही त्याच चर्चचे. पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि 1860 च्या दशकात ते जालन्यात आले. मुलूख निजामाचा, पण जालन्याला इंग्रजी फौजेची छावणी होती. मिशनला पाय रोवायला तेवढा आधार पुरला. शेषाद्रींचे ऐकायला जे पुढे आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले होते. ब्राह्मण घरातून आलेला उपदेशक आणि वेशीबाहेरची मंडळी, हे त्या काळात सहज पचणारे दृश्य नव्हते. दोन्ही बाजूंना ते पचायला वेळ लागला असणार.

बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे गाव एका दिवसात परके होई. बलुते बंद, कामाला कोणी बोलवत नाही, आणि पाण्याचा प्रश्न तर आधीपासूनचाच. शेषाद्रींनी यावर काढलेला उपाय म्हणजे बेथेल. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे ख्रिस्ती कुटुंबांची स्वतंत्र वस्ती वसवली. शेती, कारागिरी, शाळा आणि मधोमध उपासनामंदिर. 1873 मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली, तेव्हा शेषाद्री तिथे डोक्यावरचे पागोटे तसेच ठेवून व्यासपीठावर उभे राहिले आणि जालन्याचे काम परदेशी श्रोत्यांना सांगितले. 1891 मध्ये ते वारले.

बेथेलवर त्या काळीही टीका झाली आणि आजही होते : धर्मांतरितांची वेगळी वस्ती केली की ते समाजापासून तुटतात, मिशनच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागते. टीकेत तथ्य आहे. मिशनच्या वाड्यांतून वाढलेल्या आमच्या पिढ्यांनी ते परावलंबन पाहिले आहे. पण ज्याला गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्याला 'समाजापासून तुटू नकोस' हा सल्ला कोणी द्यावा? बेथेलने जालन्याच्या मंडळीला एक गोष्ट दिली, ती पुढे प्रत्येक संकटात कामी आली. प्रत्येक घर कोणाचे, त्यात माणसे किती, कोणाचे पोट कशावर चालते, हे मंडळीला माहीत असण्याची सवय. पाळकाच्या वहीत कुटुंबांची यादी असते ती आपण फार सहज गृहीत धरतो.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो दख्खनभर पसरला. या साथीत महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी काय केले, याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या, पण प्लेगच्या नियमांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावर झोपड्या उभारून त्यांची सोय केली गेली आणि तिथेच पुढे मुक्ती मिशन उभे राहिले. म्हणजे महाराष्ट्रातली एक मोठी ख्रिस्ती संस्था साथीच्या निर्बंधांतून शेतात गेली आणि शेतातच रुजली. रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरण छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी 1897 मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे कोरडे ओढले. सरकार ख्रिस्ती, टीकाकार ख्रिस्ती, छापणारे पत्र ख्रिस्ती. सेवा करायची म्हणजे प्रशासनापुढे मान तुकवून बसायचे, असा समज असलेल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्या साथीत सेवेचा मक्ता कोणा एका धर्माकडे नव्हता, हेही लिहून ठेवले पाहिजे.

प्लेग ओसरतो न ओसरतो तोच 1899-1900 चा दुष्काळ आला, ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. त्याच सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला. रेल्वेने धान्य आले, तशी माणसेही बाहेर गेली. पोटासाठी रुळांच्या दिशेने चालत सुटणे हे जालन्याला तेव्हापासून माहीत आहे. 1918 चा इन्फ्लुएन्झा आला तेव्हा हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावल्याचे अंदाज आहेत, आणि त्याची भयंकर लाट पावसाळा सरतानाची होती, म्हणजे सुगीच्या तोंडावर.

मंडळीचा संघटनात्मक प्रवास थोडक्यात सांगून पुढे जातो. 1924 मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली आणि स्कॉटिश परंपरेच्या मराठी मंडळ्या सीएनआयमध्ये गेल्या. कॅथोलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 चा. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला.

पण मंडळीचा चेहरा बदलला तो या ठरावांनी नव्हे, औरंगाबाद रस्त्यावरच्या एमआयडीसीने. बियाण्यांचे गाव अशी जालन्याची ओळख बद्रीनारायण बारवाले यांच्या महिकोमुळे झालीच होती. त्यात पोलादाची भर पडली. भंगार वितळवायच्या भट्ट्या, बिलेट, रोलिंग मिल आणि सळया. भट्टीपुढच्या बारा तासांच्या पाळीला स्थानिक तरुण फार टिकत नाही. तिथे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, झारखंड, ओडिशाची माणसे आली आणि कारखान्याच्या आवारात नाही तर चंदनझिरा वस्तीच्या बाजूला दहा बाय दहाच्या खोल्यांत चारचार-सहासहा जणांनी राहू लागली. त्यातले काही रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागले. मराठी उपासना अर्धीमुर्धी कळणारी, शेवटच्या आशीर्वादाला मात्र ठामपणे 'आमेन' म्हणणारी ही मुले. आमच्या यादीत त्यांची नावे नव्हती. कारण यादी कुटुंबांची, आणि यांची कुटुंबे दूर गावी.

मार्च 2020. 22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून देशभर टाळेबंदी. 5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार, 10 ला उत्तम शुक्रवार, 12 ला ईस्टर. जालन्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला तो याच सुमारास, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. चर्चच्या दाराला कुलूप असलेला पवित्र आठवडा आमच्यापैकी कोणाच्या आजोबांनीही पाहिला नव्हता. रोममध्ये 27 मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकापुढे एकटे प्रार्थना करत होते, ते जगाने टीव्हीवर पाहिले. आपल्याकडे तसे काही भव्य नव्हते. पाळकांनी घरातल्या भिंतीला बायबलचे वचन लिहिलेले कॅलेंडर लावले, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि क्रुसावरचे सात उद्गार एकेक करून ऑडिओ संदेशातून व्हॉट्सअॅपवर धाडले. ऐकताना मागे कुकरची शिटी, शेजारच्यांचा कुत्रा सगळे ऐकू येई.

पुढे झूम आले, यूट्यूब आले. तरुण संघाच्या मुलांनी आजीआजोबांना 'म्यूट' काढायला शिकवले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातले गीत झूमवर सर्वांनी एकदम म्हणायचा प्रयत्न झाला. ज्यांनी तो केला त्यांना ठाऊक आहे की प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि धृपद संपायच्या आत दुसऱ्याचे कडवे सुरू होते. शेवटी एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या घरात, माइक बंद ठेवून, असा तोडगा निघाला. प्रभुभोजनाचा प्रश्न त्याहून नाजूक. पडद्यापलीकडून केलेल्या प्रार्थनेने आपल्या ताटलीतली भाकर पवित्र होते का? वेगवेगळ्या पंथांनी वेगवेगळी उत्तरे दिली. कॅथोलिकांनी आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना म्हटली, काही स्वतंत्र मंडळ्यांनी घरोघर बिस्किट आणि सरबतावर भागवले, काहींनी थांबणे पसंत केले. थांबणे मला अधिक पटते. काही गोष्टी हुकल्या आहेत हे कळत राहिले पाहिजे.

माझे स्पष्ट मत असे की पडद्याने प्रवचन वाचवले, मंडळी वाचवली ती फोनच्या साध्या घंटीने. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, डेटा नव्हता, किंवा एकच फोन मुलांच्या ऑनलाइन वर्गात अडकलेला होता, ते झूमच्या चौकटींत कधी दिसलेच नाहीत. त्यांना शोधले महिला सहवासाच्या, म्हणजे मंडळीतल्या महिला संघाच्या, बायकांनी. पाळकांच्या वहीतली जुनी कुटुंबयादी गल्लीनुसार वाटून घेतली आणि दर बुधवारी, शनिवारी फोन : "काकू, गोळ्या आहेत ना? सिलिंडर आहे का? बाळाला ताप उतरला का?" दीडशे वर्षांपूर्वीच्या बेथेलमधली घराघराची ती माहिती अशी पुन्हा बाहेर आली. शिधा वाटायची वेळ आली तेव्हा याच यादीचा उपयोग झाला. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साबण. हे काम गावात अनेकांनी केले. मंदिरांच्या ट्रस्टनी, मशिदींनी, गुरुद्वाऱ्याने, व्यापाऱ्यांनी. आपण एकटे नव्हतो आणि पहिलेही नव्हतो. स्मरणिकांत आपलेच घोडे पुढे दामटायची रीत असते, ती इथे नको.

आणि यादीत जे नव्हते त्यांचे काय? 7 मे 2020 च्या संध्याकाळी जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले मजूर गावी जायला निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले, बहुतेक गोंड आदिवासी. काम थांबलेले, पैसे संपलेले, रस्त्यावर पोलीस. म्हणून त्यांनी रुळ धरला. बदनापूरच्या पुढे, करमाडजवळ थकून तिथेच रुळांवर टेकले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. 8 तारखेच्या पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर छापले गेले. त्या पोळ्या जालन्यात भाजलेल्या होत्या, आपल्या गावात, आपल्या एमआयडीसीच्या कुठल्यातरी खोलीत.

त्या घटनेने मंडळीतल्या कामाची दिशा बदलली, असे मी जबाबदारीने म्हणतो. तोवर आपण आपल्या माणसांची विचारपूस करत होतो. त्यानंतर 'आपले' कोण, हा प्रश्न पुढे आला. चंदनझिऱ्यात राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांनी शेजारच्या खोल्यांतल्या मजुरांची नावे, गावे आणि फोन नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. कोणाला गावी जायचे आहे, अर्ज कोणाचा भरून द्यायचा, कोणाच्या घरी फोन लावून द्यायचा. हिंदी येणाऱ्या मुलांनी हे केले. धर्माचा रकाना त्या वहीत नव्हता. सरकारी श्रमिक रेल्वेच्या नोंदणीसाठी कागद जुळवून देणे हे प्रवचनापेक्षा मोठे काम ठरले, असे एका तरुणाने मला सांगितले. मला ते पटते.

16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली. चर्चही पाडव्यालाच उघडले, याची गंमत वाटली आणि आनंदही. त्या वर्षी नाताळच्या विशेष उपासनेला सरकारी नियमाप्रमाणे 50 जणांची मर्यादा होती. पन्नास कोण, हे ठरवताना पंचकमिटीला जेवढे वाद ऐकावे लागले तेवढे कुठल्या निवडणुकीतही ऐकावे लागले नसतील. 2 जानेवारी 2021 ला लसीकरणाची राज्यातली रंगीत तालीम पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना या चार जिल्ह्यांत झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालन्याचेच. त्यामुळे लसीची तयारी आपल्या दारात आधी आली, पण भीतीही आधीच येऊन बसलेली होती. बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातल्या श्वापदाची खूण म्हणजे हीच लस, असा मजकूर जगभरच्या ख्रिस्ती गटांत फिरत होता, तसा आपल्या गटांतही फिरला. अशा मजकुराला उत्तर देण्यात सुशिक्षित सभासद कमी पडले. त्यांनी तो मुकाट्याने डिलीट केला. लोकांचे मन वळले ते पाळकांनी आणि मिशन हॉस्पिटलच्या परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या बायकांनी आधी स्वतः दंड पुढे केला तेव्हा.

एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप. दुसरी लाट पहिलीसारखी नव्हती. पहिलीत आपण शिधा वाटला, दुसरीत ऑक्सिजनचे सिलिंडर आणि खाटा शोधल्या, आणि कबरी खणल्या. ख्रिस्ती मृतदेहाला कबर मिळेल का, ही धास्ती आधीपासून होती. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने सर्वच धर्मांच्या कोरोना मृतांवर दहनाचा आदेश काढून त्याच दिवशी मागे घेतला होता, पण मनातली भीती मागे गेली नव्हती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. पण कोरोनाच्या दफनाला वीसही येत नसत. पांढऱ्या पोशाखातले चारपाच जण, मुले दूर फाटकाशी, आणि पाळक मास्कमधून वाचतात ते अर्धे वाऱ्यावर जाते. ज्या तरुणांनी त्या दिवसांत खांदा दिला, त्यांची नावे त्यांच्याच इच्छेने इथे देत नाही. पण मंडळीच्या वार्षिक सभेत त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, आणि पुढच्या सभेत ते मानले जावेत अशी माझी सूचना आहे.

त्याच काळात नगर जिल्ह्यातल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये उभा केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प पुन्हा बातम्यांत आला. आरोळे कुटुंबाची पुढची पिढी तिथे कोरोना रुग्णांवर मोफत उपचार करत होती. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो गावोगावच्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केल्याबद्दल. आपल्या महिला सहवासाच्या फोनयादीकडे मी त्याच नजरेने पाहतो. साथ आली की यंत्रसामग्री शहरातून मागवता येते, घरोघर जाणारी, दार उघडले जाईल इतक्या विश्वासाची बाई मागवता येत नाही. ती आधीपासून असावी लागते.

7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, चर्च पुन्हा उघडले आणि तेव्हापासून उघडे आहे. दानार्पण अजूनही निम्मे फोनवरून येते. ऑनलाइन उपासना बंद करावी की नाही यावर दर सभेत चर्चा होते. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले तिच्यामुळे जोडलेली आहेत, आणि पायी दहा मिनिटांवर राहणारी काही कुटुंबे तिच्यामुळेच येईनाशी झाली आहेत. दोन्ही खरे आहे. एमआयडीसीतल्या मजुरांसाठी रविवारी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, हिंदीत उपासना असावी ही मागणी पुढे आली आहे. माझे मत विचाराल तर ती लवकर मान्य व्हावी.

आता शेवटची विनंती. बेथेलच्या काळातले जुने बाप्तिस्मा-दाखले, विवाहनोंदी, जमिनीचे कागद आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या ट्रंकेत पडून आहेत. 2020-21 चे तर सगळे फोनमध्येच आहे : गल्लीनुसार केलेल्या यादीचे फोटो, पाळकांचे ऑडिओ संदेश, चंदनझिऱ्याच्या वहीची पाने, दफनविधीचे वेळापत्रक. फोन बदलला की हे गेले. ज्यांच्याकडे यापैकी काहीही असेल त्यांनी त्याची प्रत मंडळीच्या कार्यालयात जमा करावी. मूळ कागद मागितला जाणार नाही. आणि पाळकांच्या कुटुंबयादीत यंदापासून एक रकाना वाढवावा : घर नसलेले, पण रविवारी येणारे.